दाखला आणि जामीन

महाविद्यालयातील अध्यापकाच्या हातून आयुष्यभरात जी निरुपद्रवी असत्ये लिहिली जातात, त्यांत वर्तणुकीच्या दाखल्याचा क्रमांक बराच वर लागेल. जून महिना उजाडला की विद्यार्थ्यांची रांग आमच्या दाराशी लागते. कुणास शिष्यवृत्तीसाठी, कुणास वसतिगृहासाठी, तर कुणास नोकरीच्या अर्जास जोडण्यासाठी दाखला हवा असतो. नमुना छापलेलाच असतो. आम्ही केवळ नाव घालतो आणि खाली सही करतो. सदर विद्यार्थी आमच्या चांगल्या परिचयाचा असून त्याची वर्तणूक उत्तम आहे, असे त्यात म्हटलेले असते. यांतील पहिले विधान बहुधा खोटे असते आणि दुसऱ्याविषयी आम्हांस काहीच ठाऊक नसते. तथापि त्यायोगे कुणाचे काही बिघडत नाही व गरजू मुलाचे काम होते, म्हणून तीस वर्षे आम्ही हा उद्योग निश्चिंत मनाने केला. बोलूनचालून शब्दच ते. त्यांची वसुली मागावयास कुणी येईल हे आमच्या स्वप्नीही नव्हते. तशी वसुली मागणारा एक गृहस्थ गतवर्षी, गणपतीचे विसर्जन होऊन दोन दिवस झाले असतील नसतील तोच, सकाळी आमच्या दारात येऊन उभा राहिला.

गृहस्थ माण तालुक्याकडचे; एस. टी. मध्ये वाहक. रात्रपाळी संपवून ते तसेच निघाले असावेत, कारण अंगावर खाकी गणवेश होता. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो मेणकापडासारख्या पारदर्शक आवरणात जपून बसविलेला होता. "सर, ही सही तुमचीच न्हवं?" त्यांनी विचारले. सही आमचीच होती. त्यांनी मुलाचे नाव सांगितले. तो आमच्या वर्गात दोन वर्षे बसत होता. परंतु आमच्या त्या 'चांगल्या परिचयाच्या' विद्यार्थ्याचा चेहरा काही केल्या आम्हांस आठवेना.

हकीकत थोडक्यात अशी होती. शहरात भाड्याने घेतलेल्या एका खोलीत हा मुलगा व दुसरा एक विद्यार्थी राहत. चार दिवसांपूर्वी रात्री पोलिसांनी त्या खोलीची झडती घेतली, तेव्हा खाटेखाली एक पिशवी सापडली. पंचनाम्यात तीतील मालाचे वर्णन 'गांजा' असे असून वजन १ किलो ३५० ग्रॅम भरले होते. दोघेही कोठडीत होते. "पिशवी बघितली हुती म्हणतो," गृहस्थ सांगू लागले, "पर आत काय हाय ते ठावं नव्हतं म्हणतो. खरं-खोटं देवाला ठावं. पर सर, पोरगं चांगलं हाय म्हणून तुमीच लिहून दिलंय न्हवं? तेवढं वकिलाला सांगा."

आम्ही त्यांस चहा दिला आणि "पाहू" असे म्हटले. 'पाहू' हा आपल्या मध्यमवर्गाने शोधून काढलेला अत्यंत सभ्य नकार होय.

या नकारास एक कारण होते, आणि ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. २६ जून हा दिवस अंमली पदार्थांच्या विरोधाचा म्हणून जगभर पाळला जातो. त्या वर्षी त्या दिवशी महाविद्यालयाच्या सभागृहात मुख्य भाषण आमचेच झाले होते. असल्या गुन्ह्यांत सापडलेल्यांस जामीन ही गोष्ट माहीतच असू नये, असे आम्ही आवेशाने सांगितले होते व त्यावर टाळ्याही पडल्या होत्या. त्या आवेशामागे निव्वळ वक्तृत्व नव्हते. एका स्नेह्याचा बुद्धिमान मुलगा या व्यसनापायी कसा झिजत गेला ते आम्ही जवळून पाहिले होते, आणि विष विकणाऱ्याविषयी आमच्या मनात आजही दया नाही. पण टाळ्या वाजविणाऱ्या त्या मुलांत हा मुलगाही बसला होता काय, हा प्रश्न वाहकसाहेब जिना उतरून गेल्यावर आमच्या मनात आला, आणि मग तो काही केल्या जाईना.

त्या रात्री आम्ही तो कायदा मिळवून वाचला. इंग्रजी काव्य शिकविणाऱ्यास कायद्याची भाषा रुक्ष वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु या कायद्यात जितके नाट्य आहे तितके आम्हांस पुष्कळ नाटकांत आढळलेले नाही. वर्तमानपत्रांत ज्यास एन. डी. पी. एस. म्हणतात तो हा १९८५ चा अधिनियम. त्यात २००१ साली दुरुस्ती झाली आणि शिक्षेचे माप मालाच्या वजनाशी बांधले गेले. अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण व या दोहोंच्या मधले प्रमाण अशा तीन पायऱ्या पडल्या. गांजाच्या बाबतीत १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोंपासून पुढे व्यापारी. चरस १०० ग्रॅमपर्यंत अल्प, तर १ किलोला व्यापारी. हेरॉइनची हीच मापे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम अशी. अल्प गांजा जवळ बाळगल्यास फार तर १ वर्षाची कैद वा दंड, अथवा दोन्ही. मधल्या पायरीवर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. व्यापारी प्रमाण असल्यास १० वर्षांपेक्षा कमी नाही आणि २० पर्यंत कितीही. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत एक वर्ष आणि दहा वर्षे यांमध्ये ३५० ग्रॅमचा पडदा होता! पस्तीस गुणांस उत्तीर्ण आणि चौतिसास अनुत्तीर्ण हा न्याय आम्ही जन्मभर करीत आलो. त्याची धार आम्हांस प्रथमच लागली.

त्या ३५० ग्रॅमांतही एक मौज होती. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे गांजा म्हणजे त्या झाडाचे फुलोऱ्याचे वा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने व बिया त्यात मोडत नाहीत. त्यामुळेच नुसत्या पानांची भांग या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते. पोलिसांनी मात्र पिशवीत जे होते ते पाला, बिया, काड्या यांसकट काट्यावर घातले होते. वकिलांचा सारा भर पुढे याच मुद्द्यावर राहिला.

कायदा वाचून झाल्यावर आमचा एक जुना गैरसमज दूर झाला. गुन्हा 'अजामीनपात्र' आहे म्हणजे त्यात जामीन मिळतच नाही, अशी आम्हां सुशिक्षितांची समजूत असते. वस्तुतः त्याचा अर्थ एवढाच की, येथे जामीन हा आरोपीचा हक्क नसून तो न्यायालयाच्या विचाराचा विषय आहे. या अधिनियमाखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र आहेत असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. पण त्याच निर्णयात त्याने अर्जदारास जामीनही दिला. सर्वसाधारण प्रकरणात न्यायालय जे पाहते ते मोठे साधे असते: सोडल्यास हा मनुष्य तारखेला हजर होईल काय, साक्षीपुराव्यास धक्का लावील काय, पुन्हा तेच करील काय? त्याने गुन्हा केला की नाही याचा निर्णय पुढे व्हावयाचा असतो. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. परत येण्याविषयीचा तो एक विश्वास आहे.

हा विश्वास ठेवावा की न ठेवावा हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या आसनावर अवलंबून असते. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांस आधी नाकारला गेलेला जामीन न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी मंजूर केला. त्या वेळी टिळकांतर्फे बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर १९०८ साली न्यायासनावर होते; टिळक पुन्हा आरोपी म्हणून समोर आले, तेव्हा जामीन नाकारणारे तेच होते. ही गोष्ट आम्ही वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि सांगताना दावरांस हसलोही आहोत. २६ जूनच्या व्यासपीठावरून आमच्या घराच्या दारापर्यंत येता येता आमचेही आसन बदलले होते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही हजेरीपट काढला. मुलगा वर्गात नियमित येत होता. कपाटातील जुन्या गठ्ठ्यात त्याचा एक इंग्रजी निबंधही सापडला. वडील रात्री घरी आल्यावर कंदिलापाशी बसून तिकिटांचा हिशेब कसा जुळवितात आणि रुपया कमी भरला तर तो स्वतःच्या खिशातून कसा घालतात, याचे त्यात वर्णन होते. त्यावर आम्ही तांबड्या शाईने क्रियापदांच्या काळाच्या सात चुका दाखविल्या होत्या. त्यापलीकडे एक अक्षरही लिहिले नव्हते. आम्ही तो निबंध पुन्हा वाचला आणि वकिलांकडे जावयास निघालो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तीतील कलम ४८३ अन्वये विशेष न्यायालयात अर्ज दाखल झाला. न्यायालयातील वेळ हा आपल्या घड्याळातील वेळ नव्हे. एका तारखेला सरकार पक्षाचे म्हणणे, ज्यास तेथे 'से' म्हणतात, आलेले नसते. दुसऱ्या तारखेला 'से' येतो, तर तपासी अंमलदार येत नाहीत. तपास अपुरा आहे व नमुन्याचा रासायनिक अहवाल यावयाचा आहे, या कारणास्तव पहिला अर्ज फेटाळला गेला. मध्ये दिवाळी येऊन गेली. वाहकसाहेबांनी ती कशी घालविली हे आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

या फेऱ्यांत न्यायालयाच्या बाहेरील बाकावर एक म्हातारी नेहमी भेटे. तिचा मुलगा मालमोटारीवर क्लीनर होता. मोटारीत पोत्यांखाली गांजा सापडला. वजन शंभर किलोंच्या वर. चालकाबरोबर हाही धरला गेला, त्यास चार वर्षे झाली होती. साक्षीदार अजून तपासले जात होते. तिच्या मुलाच्या आड जे उभे होते ते त्या अधिनियमाचे कलम ३७. १९८९ साली कडक झालेले हे कलम आज व्यापारी प्रमाणास व इतर काही मोठ्या गुन्ह्यांस लागू आहे. सरकारी वकिलांनी विरोध केल्यास, आरोपी दोषी नाही असे मानावयास वाजवी आधार आहे, आणि जामिनावर असता तो काही गुन्हा करण्याचा संभव नाही, अशी न्यायालयाची खात्री पटली तरच सोडता येते. म्हणजे जो प्रश्न खटल्याच्या अखेरीस विचारावयाचा, त्याचे उत्तर येथे खटल्याच्या आरंभीच द्यावे लागते. आणि तेही आरोपी कोठडीत व पुरावा कागदात असताना! त्यात ताबा सिद्ध झाला की त्यामागील जाणीव कायदा गृहीत धरतो. ती नव्हती हे आरोपीने सिद्ध करावयाचे. अशा प्रकरणात तपासास १८० दिवस मिळतात, आणि न्यायालयाच्या परवानगीने ती मुदत एका वर्षापर्यंत वाढते. मोठ्या व्यापाऱ्यास अडकविण्यासाठी विणलेले हे जाळे आहे, आणि त्याचा हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु जाळ्यात मोटारीचा मालक सापडतो की पोत्यांवर निजणारा क्लीनर, हे जाळे पाहत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२३ रोजी महंमद मुस्लिम नामक आरोपीच्या प्रकरणात या कलमाची कठोरता थोडी सौम्य केली. तो ७ वर्षांहून अधिक काळ खटला संपण्याची वाट पाहत तुरुंगात होता. कलमाचे शब्द अक्षरशः घेतले तर जामीन जवळजवळ अशक्यच होईल; म्हणून वरवर पाहता खात्री वाटावी इतकेच पुरे, आणि खटल्यास अवाजवी विलंब झाला तर या कलमाच्या अडसरापायी जामीन अडून राहू नये, अशा आशयाचा तो निर्णय आहे. आम्ही तो म्हातारीस समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतले आणि आमच्याकडे न पाहता वाहकसाहेबांस म्हटले, "दादा, तुमचं पोरगं सुटंल. तुमच्या मागं मास्तर हायती."

या वाक्याने आम्ही जितके खजील झालो तितके कोणत्याही दोषारोपाने झालो नसतो; कारण त्या दिवसापर्यंत आम्ही वकिलांस फक्त हजेरीचा उतारा दिला होता. जामीनदार म्हणून उभे राहण्याचे नाव आम्ही काढले नव्हते.

दोषारोपपत्र दाखल झाले, रासायनिक अहवालही आला, आणि दुसरा अर्ज अटकेपासून ७१ व्या दिवशी मंजूर झाला. प्रमाण व्यापारी नसल्यामुळे कलम ३७ लागू नाही. मुलगा १९ वर्षांचा, पूर्वीचा गुन्हा नाही. पाल्यासकट केलेल्या वजनाचा व पिशवीविषयीच्या जाणिवेचा प्रश्न खटल्यात ठरेल, असे न्यायाधीशांनी म्हटले. ५०,००० रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक जामीनदार, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी पोलीस ठाण्यावर हजेरी, परवानगीवाचून जिल्हा सोडावयाचा नाही, अशा अटी होत्या. जामीन मिळणे आणि सुटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत हे त्या वेळी आम्हांस कळले. वाहकसाहेबांचे घर व जमीन परजिल्ह्यात, भावांच्या सामाईक नावावर. स्थानिक जामीनदार असल्यास काम लवकर होईल असे सांगण्यात आले. १९७८ साली मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याच्या बाबतीत, दुसऱ्या जिल्ह्यातील जामीनदार म्हणून नाकारू नये व गरिबास न पेलणारी रक्कम मागू नये, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहून ठेवले आहे. पण ग्रंथात लिहिलेले बाकापर्यंत पोहोचावयास वेळ लागतो. आवारातच एक इसम वाहकसाहेबांच्या कानाशी लागला. तो पैसे घेऊन हवा तसा जामीनदार उभा करून देत असे.

त्या संध्याकाळी आम्ही घरी विषय काढला. "अहो, घर तर अडकायचं नाही ना?" मंडळींनी विचारले. मुलगा पळाला तर ५०,००० रुपये भरावे लागतील, त्यापलीकडे काही नाही, असे आम्ही सांगितले. कुणास जामीन राहू नये ही वडिलांची शिकवण त्यांनी आम्हांस आठवून दिली. ती आम्हीही विसरलो नव्हतो. मग बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "त्या मुलाच्या आईनं दिवाळीला काही केलं असेल का हो?" आम्ही उठून घरपट्टीच्या पावत्या शोधू लागलो. महाविद्यालयाचे नाव यात येऊ नये, असे दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी सौम्य शब्दांत सुचविले, आम्ही म्हटले, "नाव आमचेच राहील."

ऐपतीचा दाखला, वेतनाचा कागद, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे असे सारे जमवून आम्ही जामीनदाराच्या कठड्याशी उभे राहिलो. यापूर्वी कितीजणांस जामीन राहिला आहात, हे प्रतिज्ञेवर लिहून द्यावे लागते. "एकासही नाही," आम्ही लिहिले. आणि त्याच वेळी वाटले की गेल्या तीस वर्षांत हजारोंस राहिलो, फक्त कुणी रक्कम लिहिली नव्हती. लेखनिकाने पुढचा प्रश्न विचारला: "आरोपीला किती दिवसांपासून ओळखता?" जिभेवर 'दोन वर्षे' आले होते. छापील दाखल्यावर आम्ही तेच लिहिले असते. "वर्गात दोन वर्षे पाहतो," आम्ही म्हणालो, "ओळख मात्र अडीच महिन्यांची." लेखनिकाने मान वर करून पाहिले आणि 'दोन वर्षे' असेच लिहिले. त्याचेही चुकले नाही. रकान्यात तेवढीच जागा होती.

कागदांत सहा दिवस गेले. जामिनाचा हुकूम कैद्यापर्यंत त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी ई-मेलने पोहोचवावा, सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास कळवावे, आणि महिन्याभरात जामीनदार न मिळाल्यास न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे. असा हुकूम काढावा लागतो, यावरून किती माणसे जामीन मिळूनही आतच राहत असतील याची कल्पना येईल. मुलगा बाहेर आला तेव्हा कारागृहाच्या दाराशी आम्ही होतो. त्याचा चेहरा पाहताच आम्हांस तो आठवला: खिडकीकडील तिसरा बाक. त्याने वाकून नमस्कार केला. पिशवीत काय होते हे तुला खरोखर ठाऊक नव्हते काय, हा प्रश्न आमच्या ओठांवर आला होता. आम्ही तो विचारला नाही. तो विचारण्याचा अधिकार न्यायालयाचा आहे, आणि उत्तर काहीही असले तरी तारखेला हजर राहण्याविषयीचा आमचा शब्द बदलत नव्हता. "सोमवार चुकवू नकोस," एवढेच आम्ही म्हणालो.

म्हातारीस आम्ही नंतर विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत घेऊन गेलो. तेथून तिच्या मुलास वकील मिळाला आहे. उच्च न्यायालयातील अर्ज अजून निकालात निघालेला नाही. तिच्यासाठी जामीनदार कोण राहील, याचा विचार तो निघाल्यावर करावा लागेल, आणि या वेळी आम्ही 'पाहू' म्हटलेले नाही.

यंदाच्या जूनमध्ये दाखल्यांची रांग पुन्हा लागली. पहिल्याच मुलाने घाईने कागद पुढे करून म्हटले, "सर, फक्त सही हवी आहे." आम्ही त्यास समोरच्या खुर्चीवर बसावयास सांगितले आणि त्याचे वडील काय करतात ते विचारले. रांग फार हळू सरकते अशी तक्रार कार्यालयाकडे गेली आहे असे ऐकतो. २६ जूनचे भाषण यंदा दुसऱ्या एका तरुण प्राध्यापकांनी केले, आणि ते चांगले झाले.

खटला चालू आहे. मुलगा तृतीय वर्षात असून एकही सोमवार त्याने चुकविलेला नाही. पुढील तारीख येत्या महिन्याच्या १८ तारखेस आहे. ती आम्ही भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवली आहे.